एपॉक्सी पुट्टी की बॉडी फिलर? जुन्या स्टिअरिंगच्या भेगा भरण्याआधी

जुन्या गाडीचं तडकलेलं स्टिअरिंग दुरुस्तीला काढलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: पुट्टी भरा, घासा, रंग मारा. पण कोणती पुट्टी? पत्र्याचे पोचे भरायचा पॉलिएस्टर बॉडी फिलर आणि एपॉक्सी पुट्टी या दोन्हींत दोन भाग मिसळावे लागतात, दोन्ही कडक होतात, दोन्ही पॉलिश पेपरने घासता येतात आणि एकदा वर रंग चढला की कोणती कुठे भरली आहे हे कुणालाही सांगता येत नाही. फरक कळतो तो दोन उन्हाळे गेल्यावर. एका चाकाचा रंग जसाच्या तसा असतो, दुसऱ्यावर जुन्याच जागी केसाएवढी रेघ उमटलेली असते.

यामागचं कारण भेगेतच आहे. जुन्या स्टिअरिंगच्या आत पोलादी सळीचा सांगाडा असतो आणि त्यावर कठीण रबराचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण ओतलेलं असतं. ऊन आणि वय यांमुळे आवरणातले मऊपणा देणारे घटक उडून जातात आणि ते आकसतं. पोलाद मात्र आकसत नाही. चाकाचा व्यास ४० सेंटीमीटर धरला तर परीघ झाला साधारण १२५ सेंटीमीटर. आवरण नुसतं अर्धा टक्का आकसलं, तरी परिघात सहा मिलिमीटर कमी पडतात. आतली सळी त्याला लहान होऊ देत नाही, मग ते फाटतं. हे सहा मिलिमीटर तीनचार भेगांत वाटले जातात, आणि त्या बहुतेक वेळा आरे जिथे कड्याला मिळतात तिथेच पडतात, कारण तिथे आवरण सर्वांत जास्त जखडलेलं असतं.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे ही भेग स्थिर नसते. तापमान वाढलं की प्लॅस्टिक पोलादाच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं, थंडीत तेवढंच आकसतं. अ‍ॅरिझोनात उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या २०१८ सालच्या एका अभ्यासात तासाभरात स्टिअरिंग सरासरी ५३ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं आढळलं. म्हणजे भेगेचे काठ रोज थोडे जवळ येतात, थोडे लांब जातात. तिथे नुसतं भरणारं द्रव्य पुरत नाही. दोन्ही काठांना आणि तळाच्या सळीला घट्ट धरून ठेवणारं द्रव्य हवं.

बॉडी फिलर मुळात धरून ठेवण्यासाठी बनलेलाच नाही. तो पॉलिएस्टर रेझिन, स्टायरीन आणि टाल्कची पूड यांचा लगदा. खरवडलेल्या पत्र्यावर पातळ थर द्यायचा, वीस मिनिटांत घासायला घ्यायचं, या कामात तो उत्तम आहे. पण घट्ट होताना तो आकसतो, अरुंद खोल भेगेत काठ सोडतो, आणि टाल्कमुळे दमट हवेतला ओलावा शोषतो. ओलावा सळीपर्यंत पोचला की गंज धरतो, आणि गंज फुगून फिलरला आतून ढकलतो. एपॉक्सी घट्ट होताना फारच कमी आकसते आणि स्वच्छ, खरवडलेल्या पोलादाला पक्की चिकटते. माझ्या मते स्टिअरिंगच्या भेगेसाठी यात निवडीचा प्रश्नच उरत नाही.

खरी फसगत होते ती हार्डनरच्या, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाच्या बाबतीत. बॉडी फिलरचा हार्डनर म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइडची पेस्ट. तो फक्त प्रक्रिया सुरू करून देतो, म्हणून वजनाच्या दोनेक टक्के पुरतो. थंडीत थोडा जास्त घातला तर फिलर लवकर घट्ट होतो, आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्यांच्या हाताला हीच सवय लागलेली असते. एपॉक्सीत हार्डनरचा प्रत्येक रेणू रेझिनच्या रेणूशी जोडला जातो, तो त्या पदार्थाचाच भाग होतो. लवकर व्हावं म्हणून जास्त घातला, तर उरलेला हार्डनर जोडीदाराविना आत पडून राहतो आणि भराव कायमचा मऊ, चिकट राहतो. त्यामुळे डब्यावर एकास एक लिहिलं असेल तर एकास एकच. घाई असेल तर प्रमाण बदलू नका, खोलीत ऊब द्या. मिश्रणात दोन रंगांची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत कालवायचं, आणि हातमोजे घालायचे, कारण एपॉक्सीच्या हार्डनरची त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते.

भेग आहे तशी भरू नये. हॅक्सॉ ब्लेडने किंवा छोट्या कानशीने ती इंग्रजी व्हीच्या आकारात सळीपर्यंत उघडायची, गंज खरवडायचा, तेलकटपणा काढायचा. इथे अ‍ॅसिटोन मात्र टाळा. आवरण सेल्युलोज अ‍ॅसिटेट या जुन्या प्लॅस्टिकचं असेल तर ते विरघळायला लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल सौम्य पडतं. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या एपॉक्सीच्या वाटेला जाऊ नका, ती उष्णतेत लवकर नरमते. एपॉक्सी पुट्टीची मळून लावायची कांडी वापरणार असाल तर भेगेच्या तळाला आधी पातळ एपॉक्सीचा हात फिरवा, नाहीतर घट्ट गोळा तळापर्यंत पोचतच नाही. मला स्वतःला पीसी-७ सारखी एपॉक्सीची जाड पेस्ट पसंत आहे. ती खाली ओघळत नाही, कोपऱ्यात दाबता येते. भराव पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. घासायला घेण्याआधी तो ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, कारण काही एपॉक्सींवर मेणचट थर येतो. तो पॉलिश पेपर भरून टाकतो आणि वरचा रंग धरू देत नाही. मग ८० नंबरपासून ४०० पर्यंत घासत जायचं, मास्क लावून. कड्याच्या मागच्या बाजूला बोटांसाठी खाचा असतील तर त्या गोल कानशीने पुन्हा काढायच्या. या खाचांवर घालवलेला वेळच दुरुस्ती लपवतो.

मग बॉडी फिलरला इथे काहीच काम नाही का? आहे, पण फक्त वरवरचं. एपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर त्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. ती बुजवायला पॉलिएस्टरचा अगदी पातळ हात चालतो आणि झटपट घासला जातो. एपॉक्सी कच्ची असताना मात्र त्यावर पॉलिएस्टर लावू नये, ते नीट घट्ट होत नाही. त्यानंतर प्रायमर आणि रंग हवाच, कारण उघडी एपॉक्सी उन्हात पिवळी पडते. साहजिकच, संगमरवरी झाक असलेल्या अर्धपारदर्शक चाकांना यांपैकी काहीच लागू पडत नाही. रंगाखाली त्यांची झाकच जाते.

आवरणाला व्हिनेगरसारखा वास येत असेल, पृष्ठभाग घामेजल्यासारखा ओलसर लागत असेल, तर सेल्युलोजचं प्लॅस्टिक आतूनच कुजतंय असं समजा. त्यात भरलेली सर्वांत चांगली एपॉक्सीसुद्धा टिकत नाही, कारण तिने धरायचे काठच सुटत चाललेले असतात. असं आवरण पूर्ण उतरवून साच्यात नवं ओतून घ्यावं लागतं. आणि सळीच तडकली असेल किंवा गंजून बारीक झाली असेल, तर ते चाक गाडीला लावू नका, वरून ते कितीही देखणं करता आलं तरी.