दुसरी वेदना

पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की दुखणे दोन हप्त्यांत येते. आधी टोचल्यासारखी लख्ख कळ, आणि जवळपास सेकंदभराने मागून आग व ठणका. या मागच्या हप्त्याला शरीरक्रियाविज्ञानात ‘दुसरी वेदना’ म्हणतात. ‘कळ मस्तकात गेली’ असे आपण म्हणतो, ती पहिली.

दोन्हींच्या वाटा वेगळ्या. पहिली वेदना मायलिनचे, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे, पातळ आवरण असलेल्या ए-डेल्टा चेतातंतूंतून सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने जाते. दुसरी वाहणाऱ्या सी तंतूंचा वेग जेमतेम ०.५ ते २ मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. स्पर्श वाहणारे जाड ए-बीटा तंतू याच्या कितीतरी पुढे, ३५ ते ७५ मीटर. म्हणून अंगठा आपटल्याचे आधी कळते, दुखणे नंतर. तंतूंच्या या वेगवेगळ्या गुणधर्मांवरील कामासाठी अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्लँगर आणि गॅसर यांना १९४४ चे नोबेल मिळाले.

सी तंतू मंद असण्याची कारणे दोन. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते, त्यामुळे आतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला अडथळा जास्त. शिवाय त्याला मायलिन नाही. मायलिन असलेल्या तंतूत संदेश एका उघड्या खाचेवरून पुढच्या खाचेवर उडी मारतो. सी तंतूत मात्र पटलावरचे, सोडियमचे कण आत सोडणारे दरवाजे पायरीपायरीने उघडत जावे लागतात.

अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर. उशीर मुख्यतः इथेच होतो. मज्जारज्जूच्या मागच्या शृंगात, म्हणजे करड्या भागाच्या मागच्या टोकात, संदेश दुसऱ्या चेतापेशीकडे सोपवला जातो, ही पेशी मज्जारज्जूच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि थॅलॅमस या मेंदूतल्या संदेशकेंद्रामार्गे मेंदूच्या बाह्यकापर्यंतचा (बाहेरच्या थरापर्यंतचा) प्रवास त्या मानाने लवकर उरकतो. चेहऱ्यावर हे अंतर काही सेंटिमीटरच असल्याने दोन वेदना वेगळ्या ओळखणे अवघड जाते. चटका बसताच हात मागे येतो तो मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेने. मेंदूची परवानगी लागत नाही.

दोन्ही तंतू वेगवेगळे बंदही पाडता येतात. दंडावर पट्टा आवळून ठेवला की आधी जाड तंतू थकतात: स्पर्श जातो, पहिली वेदना जाते, जळजळ मात्र उरते. लिडोकेनसारख्या भुलीच्या औषधाने साधारणपणे उलटे घडते. दात काढताना दाब जाणवतो पण दुखत नाही, ते यामुळे. गळू झालेल्या जागी मात्र ही भूल नीट चढत नाही, कारण तिथल्या आम्लतेत औषधाचा फार थोडा भाग तंतूच्या आत शिरू शकतो.

चटके तीन सेकंदांहून कमी अंतराने बसत राहिले, तर चटका तेवढाच असूनही दुसरी वेदना दर खेपेस वाढत जाते. ही वाढ मज्जारज्जूत होते, त्वचेत नव्हे.

निदानात एक चूक वारंवार घडते. मधुमेहात तळव्यांची आग होते, चेतावहन चाचणीचा (चेतांमधून संदेश कसा वाहतो ते मोजणाऱ्या तपासणीचा) अहवाल मात्र ‘नॉर्मल’ येतो आणि रुग्णाच्या तक्रारीवरच शंका घेतली जाते. ती चाचणी जाड, वेगवान तंतू मोजते; सी तंतूंचा क्षीण संदेश तिच्यात उमटतच नाही. त्यासाठी घोट्याच्या वर ३ मिमी व्यासाचा त्वचेचा तुकडा काढून बाह्यत्वचेतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.