आतड्यातलं विष एरंडेलानं निघत नाही

‘महिन्यातून एकदा एरंडेल घे, आतड्यात साचलेलं विष निघून जातं’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. आता जोडीला डिटॉक्सच्या पुड्याही आल्यात. हे खूळ विलायतेतही होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच काढून टाकत! १९१९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. वॉल्टर अल्वारेझ यांनी नेमकं बोट ठेवलं: विष रक्तात भिनलं असेल, तर ते उतरायला वेळ लागेल; मग पोट साफ होताक्षणी जड डोकं हलकं कसं होतं? त्यांच्या मते तो त्रास तुंबलेल्या आतड्यावरच्या ताणाचा होता.

गंमत म्हणजे आतड्यात विष असतं, हे खरंच. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणात एन्डोटॉक्सिन नावाचं विष असतं. आतड्याच्या पोकळीत ते सहसा निरुपद्रवी. रक्तात शिरलं, की पांढऱ्या पेशी ते ओळखतात आणि दाह सुरू होतो. तुपकट जेवणानंतर शोषल्या जाणाऱ्या स्निग्ध कणांबरोबर ते थोडं आत येतं. २००७ मधल्या एका प्रयोगात चार आठवड्यांच्या स्निग्ध आहारानं उंदरांच्या रक्तातलं त्याचं प्रमाण दोन-तीन पट झालं. माणसांत हा परिणाम बराच सौम्य दिसतो. एका तळलेल्या वड्यानं कुणी आजारी पडत नाही.

जुलाबानं जिवाणू संपत नाहीत, पुन्हा वाढतात. विषाला अडवते ती आतड्याची भिंत. अन्नातल्या चोथ्यापासून (फायबर) जिवाणू ब्युटिरेट नावाचं स्निग्धाम्ल बनवतात आणि त्यावर मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशी जगतात. चोथा मिळाला नाही, तर काही जिवाणू त्या भिंतीवरचा चिकट थरच खाऊ लागतात, हे उंदरांत दिसलंय. तेव्हा एरंडेलापेक्षा ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ बरी.