धार्मिक कसोटी (सार्वजनिक पदांसाठीची)

सरकारी किंवा निवडून यायचं पद मिळवायला अमुक धर्म वा पंथ मानलाच पाहिजे, किंवा अमुक मानता कामा नये, अशी कायद्यानं घातलेली अट म्हणजे धार्मिक कसोटी. ती शपथेच्या शब्दांतून येते, एखाद्या विधीतून येते, नाहीतर सरळ घटनेतच लिहिलेली असते. बिशपसारखी धर्मसंस्थेतली पदं ह्यात धरत नाहीत.

उगम कुठे धरायचा ह्यावर एकमत नाही. काहीजण रोमपर्यंत मागे जातात. सम्राट डेशियसनं इ.स. २५० च्या सुमारास सगळ्यांना देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावलं होतं, इजिप्तमध्ये असे पपायरसवरचे दाखले सापडलेत. पण ती सक्ती सरसकट सगळ्या प्रजेवर होती, पदाशी तिचा संबंध नव्हता. पुढे ४३८ मध्ये दुसऱ्या थिओडोसियसनं ज्यू आणि समॅरिटन (ज्यूंशी जवळचा पण वेगळा धर्मसमाज) लोकांना सरकारी पदं बंद केली, इथे पदाशी संबंध आहे, पण समाजाचं नाव घेऊन दार लावलं, एकेका माणसाला उभं करून तपासलं असं नाही. म्हणून 'कसोटी' हा शब्द नेमका वापरायचा तर सतराव्या शतकातल्या इंग्लंडपासून सुरुवात करणं जास्त पटतं, नावही तिथल्याच टेस्ट ॲक्टवरून आलंय.

ह्या कायद्याचं साल जुन्या ग्रंथांत १६७२ आणि नव्यांत १६७३ दिसतं, आणि गंमत म्हणजे चूक कुणाचीच नाही. तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं आणि कायदा अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून धरायचे, ते अधिवेशन फेब्रुवारीत सुरू झालेलं, म्हणजे जुन्या हिशोबानं १६७२ च. राजाची संमती मात्र मार्चअखेरीस मिळाली, त्यामुळे आज १६७३ लिहिणंच बरं.

कायदा चालायचा कसा ते बघण्यासारखं आहे. पद घेतल्यावर तीन महिन्यांत रविवारी 'चर्च ऑफ इंग्लंड' ह्या तिथल्या अधिकृत चर्चमध्ये उपासनेनंतर प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा ख्रिस्ती विधी) घ्यायचं, पाद्री आणि चर्चवॉर्डन (चर्चचा कारभार बघणारा) ह्यांच्या सहीचा दाखला आणायचा, तो कोर्टात द्यायचा आणि दोन साक्षीदार उभे करायचे. वर एक घोषणा, की भाकर आणि द्राक्षारस ह्यांचं ख्रिस्ताच्या देहरक्तात रूपांतर होतं असं मी मानत नाही. कॅथलिक माणसाला हे बोलणं शक्यच नव्हतं, राजाचा सख्खा भाऊ जेम्स त्याच वर्षी नौदलप्रमुखपद सोडून गेला. अट मोडून पदावर राहिलं तर ५०० पौंड दंड, शिवाय कोर्टात दावा लावायचा आणि वारसाहक्कानं ठेवलेलं घ्यायचा हक्कही जायचा.

नगरपालिकांसाठी १६६१ चा वेगळा कायदा होता, त्यात निवडीच्या आधी वर्षभरात प्रभुभोजन घेतलेलं असायला हवं. लंडन शहरानं ह्याचा जो वापर केला तो वाचून आजही राग येतो. १७४८ मध्ये नियम केला की शेरीफ म्हणून निवडलेल्यानं पद नाकारलं तर ६०० पौंड दंड, आणि मग मुद्दाम डिसेंटर लोकांना, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंटांना, निवडायला लागले. ते विवेकापोटी प्रभुभोजन घेणार नाहीत हे माहीतच होतं. पैसा मॅन्शन हाउसच्या, म्हणजे लंडनच्या महापौरांच्या निवासाच्या, बांधकामाला गेला, एकूण १५,००० पौंडांच्या वर जमले असं सांगतात. ॲलन इव्हान्स ह्या डिसेंटरनं दंड भरायला नकार दिला आणि खटला वर्षानुवर्षं लढवला, शेवटी १७६७ मध्ये उमराव सभेनं (संसदेचं वरचं सभागृह, तेव्हाचं सर्वोच्च न्यायालयही) निकाल त्याच्या बाजूनं दिला. ज्याला पदावर बसायला कायद्यानंच बंदी आहे त्याला न बसल्याबद्दल दंड कसा करणार, हा साधा मुद्दा होता.

प्रभुभोजनाची अट १८२८ मध्ये गेली, कॅथलिकांना १८२९ मध्ये संसद खुली झाली. पण खासदारांच्या शपथेत 'खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेनं' एवढे शब्द राहिले आणि तेवढ्यावर ज्यू असलेले लायनेल डी रॉथशिल्ड १८४७ मध्ये निवडून येऊनही अकरा वर्षं बाहेर बसले, २६ जुलै १८५८ ला त्यांनी डोकं झाकून जुन्या करारावर शपथ घेतली. नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये निवडून आले, पुन्हा पुन्हा आले, पण जागा १८८६ मध्ये मिळाली, देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायचा पर्याय १८८८ च्या कायद्यानं सगळ्यांना दिला.

अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेत सहाव्या कलमात अशी कसोटी कधीही लावायची नाही असं स्पष्ट आहे, प्रस्ताव चार्ल्स पिंकनींचा. राज्यं मात्र बरीच वर्षं आपापल्या अटी धरून होती, मेरीलँडमधल्या नोटरीच्या पदासाठी देवावर विश्वास असल्याची घोषणा मागितली गेली तेव्हा १९६१ च्या टॉरकासो खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. काही राज्यांच्या घटनेत तसली वाक्यं अजून छापलेली आहेत, पण लागू होत नाहीत. उलटी कसोटीही असते, धर्मगुरूंनाच निवडणूक बंद, टेनेसीची अशी बंदी १९७८ मध्ये गेली.

इतरत्र थोडक्यात. अर्जेंटिनात अध्यक्ष कॅथलिकच हवा ही अट १९९४ मध्ये गेली. पाकिस्तानात राष्ट्रपती मुस्लिमच हवा हे घटनेतच आहे. लेबनॉनमध्ये १९४३ च्या अलिखित करारानं अध्यक्ष मॅरोनाइट (तिथला एक ख्रिस्ती पंथ), पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया. भारतात कलम १६(२) नं धर्मावरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही, आणि तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथेत 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो', ह्यातलं काय म्हणायचं ते शपथ घेणाऱ्यानं ठरवायचं.