काजूचा बोंडू गाव सोडत नाही, बी मात्र आफ्रिकेतून येते

पावसात बेळगाव-पणजी वाटेवरच्या चोर्ला घाटात दरड कोसळली किंवा ट्रक अडकले की पणजी मार्केटात टोमॅटो, भेंडी, मिरची सगळ्याचे दर चढतात, आणि लगेच वॉट्सॅपवर तो ठरलेला मेसेज फिरायला लागतो की गोंयकार (गोव्याचे लोक) आळशी, भाजीसुद्धा बेळगावहून आणावी लागते. पाठवणारे बहुतेक गोंयकारच असतात ती गोष्ट वेगळी. मला या मेसेजचा राग येतो तो अस्मितेपायी नाही, हिशेब चुकीचा आहे म्हणून. कुठे काय पिकतं आणि कुठे कसला कारखाना उभा राहतो यात माणसाच्या स्वभावापेक्षा गाडीभाड्याचा हात मोठा असतो, आणि हे एका जर्मन जमीनदाराने 1826 साली कागदावर मांडून ठेवलंय.

त्याचं नाव योहान फॉन थ्यूनेन. स्वतःच्या इस्टेटीच्या जमाखर्चाच्या वह्या ठेवणारा माणूस. त्याने एक सपाट मुलूख कल्पिला, मधोमध एकच शहर, आणि विचारलं की कुठल्या जमिनीवर काय परवडेल? सूत्र शाळेतलंच आहे, बाजारभावातून पिकवायचा खर्च वजा करा, शहरापर्यंतचं भाडं वजा करा, उरलं ते त्या जमिनीचं मोल. यातून शहराभोवती कडी पडत जातात, लवकर नासणारं दूध नि भाजी शहराला लागून पहिल्या कड्यात, मग लाकूडफाटा, कारण तो जड आणि तेव्हा सगळ्या चुली त्याच्यावर, त्यापलीकडे धान्य, आणि सगळ्यात लांब गुरं, कारण गुरं आपल्या पायांनी चालत बाजारात येतात. धान्याच्या गाडीचे घोडे वाटेत किती धान्य खातील तेही त्याने हिशेबात धरलं होतं, म्हणजे एका अंतरापुढे घोडेच गाडी रिकामी करणार.

पणजीला लागून असलेल्या ताळगावची शेतं म्हणजे पणजीचं असं पहिलं कडं. तिथली भाजी सकाळी पणजीत यायची. आता तिथे बिल्डिंगा आहेत, कारण त्याच जमिनीसाठी फ्लॅटवाला आणि सेकंड होमवाला बोली लावायला आला, त्याच्यापुढे वांगी-कोबी काय टिकणार? दुसरीकडे ट्रकमुळे किलोमागचं भाडं इतकं उतरलं की शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं बेळगावच पणजीच्या पहिल्या कड्यात येऊन बसलं. आळस कुठे आला यात? आणि तांबडी भाजी (लाल माठ) बघा, ती अजून आपल्याच गावच्या बायका जुड्या बांधून, वर पाणी शिंपडत विकतात, कारण ती दुपारपर्यंत माना टाकते, घाट उतरून येण्याएवढा दम तिच्यात नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, तो म्हणजे कारखाना कच्च्या मालाजवळ की गिऱ्हाइकाजवळ. यावर आल्फ्रेड वेबरने (समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचा धाकटा भाऊ) 1909 साली लिहिलं. तो म्हणतो, कच्च्या मालाच्या वजनाला तयार मालाच्या वजनाने भागा. उत्तर एकापेक्षा बरंच मोठं आलं तर कारखाना मालाच्या दारात हवा, नाहीतर जो भाग पुढे फेकूनच द्यायचा त्याचं भाडं तुम्ही भरत बसता.

याचं सगळ्यात झकास उदाहरण आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरात आहे. मार्च ते मे काजूच्या बागायतीत फिरलात तर वासावरूनच भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, सापडते. बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, झाडाखालून गोळा करायचे, बी पिळून वेगळी काढायची, बोंडू तिथल्या तिथे तुडवायचे, रस आंबवायचा, मग भाटीवर चढवायचा, पहिल्या धारेची सौम्य दारू म्हणजे हुर्राक, तो परत उकळला की कडक फेणी. हे सगळं झाडापासून हाकेच्या अंतरावर का, ते आकड्यांत बघू. समजा 100 किलो बोंडू घेतले. बोंडूत पाणीच जास्त, तुडवून धरा 60 लिटर रस निघाला. त्यात साखर साधारण 10 टक्के, म्हणजे 6 किलो. आता आंबताना ग्लुकोजच्या एका रेणूचे अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात, वजनात मांडलं तर 180 ग्रॅम साखरेचे 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम वायू, म्हणजे जवळजवळ निम्मी साखर बुडबुडे होऊन उडून गेली! उरलं सुमारे 3 किलो अल्कोहोल, त्याची घनता 0.79, तेव्हा 3.9 लिटर, आणि फेणीत अल्कोहोल 42-43 टक्के धरलं तर झाली 9 लिटर फेणी. तीही कागदावर, भाटीत प्रत्यक्षात याहून कमीच हाती लागते. वेबरचा भागाकार अकरा-बाराच्या घरात गेला. त्यातून बोंडू दुसऱ्या दिवशी काळा पडतो. अशा फळाला पणजीपर्यंत कोण नेणार? ऊसही याच जातीचा, 100 किलोतून साखर 10 किलोच्या आसपास, म्हणून साखर कारखाना धारबांदोड्याला ऊसकऱ्यांच्या मधे काढला होता, तो बंद पडला आणि तोच जड ऊस घाट चढून न्यायची पाळी आली.

(प्लॉट घेताना आधी वास्तुवाल्याला आणून ईशान्य कुठली ते बघणारे उद्योजक आपल्याकडे कमी नाहीत. तोंड कुठेही करा, बोटीत माल चढवायची जेटी किती लांब आहे ते आधी बघा.)

पण त्याच काजूची बी बघा, ती वेबरला थोडी अडचणीत आणते. कच्च्या बीतून गर निघतो जेमतेम पाव हिस्सा, बाकी टरफल. म्हणजे नियमाने बी जिथे पिकते तिथेच फोडायला हवी, तरी गोव्यातले काजू कारखाने आफ्रिकेतून आलेली कच्ची बी फोडतात. एक तर वाळलेली बी महिनोन्महिने टिकते. दुसरं, गर अख्खा काढायला सरावलेले हात लागतात, तुकडा पडला की भाव पडला, आणि असे हात इथे होते. मजुरीत किंवा कसबात फायदा असेल तर कारखाना सगळ्यात कमी गाडीभाड्याच्या जागेवरून सरकतो हे वेबरनेही लिहिलंय. आता आफ्रिकेतले देश स्वतःच बी फोडायला लागलेत, म्हणजे तो फायदाही काही कायमचा नाही.

तिसरं कारण जहाज. भाड्याचे दोन भाग असतात, एक माल चढवण्या-उतरवण्याचा आणि दुसरा दर किलोमीटरचा. ट्रकचा पहिला कमी, दुसरा जास्त. जहाजाचं उलटं, बंदरात क्रेन, गोदी, दिवसेंदिवस थांबणं, पण एकदा निघालं की हजार किलोमीटर जास्त काय, कमी काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून समुद्रापलीकडचं बंदर कधी कधी घाटापलीकडच्या गावापेक्षा ‘जवळ’ पडतं. आपला खाण धंदासुद्धा याच्यावरच उभा राहिला. इथलं लोहखनिज हलक्या प्रतीचं, म्हणजे जपानला जे धाडायचो त्यात मातीचंही भाडं भरत होतो. ते परवडलं नदीमुळे. डिचोली-साखळीकडच्या खाणीतून टिपरने जवळच्या जेटीपर्यंत आणि तिथून बार्जीने, म्हणजे माल नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटीने, मुरगाव बंदराला. दहा टनांचा टिपर धरला तर 2000 टनांची एक बार्ज म्हणजे 200 टिपर, आणि पाणी सावकाश जाणाऱ्याला फार अडवत नाही, पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग अर्धा केलात तर विरोध चौथाई. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा पट्टा धोक्याचा, तेव्हा बार्जी कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत जायच्या. लांबचा फेरा होता, तरी रस्त्यापेक्षा स्वस्त.

माल जिथे एका वाहनातून दुसऱ्यात जातो तिथे चढवण्या-उतरवण्याचा खर्च कसाही होतोच, मग हमाल, गोदाम, दुरुस्तीवाले, खानावळी, बँका तिथेच जमतात. 1880च्या दशकात मुरगावहून रेल्वे घाटाकडे निघाली, आणि रेल्वे नि बंदर जिथे भेटले तिथे वास्को वाढलं.

मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून उत्तर गोवा लॉजिस्टिक हब होणार, कारखाने धावत येणार असं दर भाषणात ऐकू येतं. विमानाचं भाडं किलोवर आणि जबर, त्यात बसतो तो किलोला महाग किंवा तासातासाने नासणारा माल, म्हणजे औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, ताजी मासळी, फार तर माणकुराद आंबा. त्यातल्या औषधांचे कारखाने वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत मोपाच्या आधीपासूनच आहेत, आणि ते जुन्या दाबोळी विमानतळाच्या जवळ आहेत.