सांध्यांचा प्रश्न : वेब विकासातील एआय एजंटांच्या समन्वयामागचा इतिहास

एखादे वेब अ‍ॅप उभारण्याचे काम आता अनेक एआय एजंटांमध्ये, म्हणजे नेमून दिलेले काम स्वतः पायरीपायरीने पार पाडणाऱ्या एआय प्रोग्राममध्ये, वाटून दिले जाते. एक एजंट फ्रंटएंड (वापरकर्त्याला दिसणारा भाग) लिहितो, दुसरा बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा भाग) सांभाळतो, तिसरा डेटाबेसची रचना पाहतो, चौथा चाचण्या लिहितो आणि या सर्वांना कामे नेमून देणारा एक मुख्य एजंट असतो. ही मांडणी नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न अर्धशतकाहून जुना आहे. दोन कामांचा सांधा जिथे येतो तिथे एकाने काय गृहीत धरले आहे, हे दुसऱ्याला वेळेवर कसे कळावे, हा तो प्रश्न होय.

माणसांच्या बाबतीत तो प्रथम स्पष्टपणे विचारला गेला. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये असे निरीक्षण मांडले की, कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिच्या रचनेत त्या संस्थेतील संवादाचीच रचना उतरते. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये सुचवले की, प्रोग्रामचे भाग कामाच्या पायऱ्यांनुसार पाडू नयेत, तर पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या आत झाकला जाईल अशा रीतीने पाडावेत. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो अधिकच रखडतो. त्याचे एक कारण साध्या गणितात आहे : पाच जणांमध्ये संवादाच्या १० जोड्या होतात, दहा जणांमध्ये ४५. आजच्या एजंटांविषयी बोलताना ही तीन नावे क्वचितच घेतली जातात. माझ्या मते चर्चेची सुरुवात त्यांच्यापासूनच व्हायला हवी.

यंत्रांच्या बाजूनेही याच काळात दोन महत्त्वाचे प्रयत्न झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात बोललेले शब्द ओळखणारी हिअरसे-२ ही प्रणाली घडवली. ध्वनी, अक्षरगट, शब्द, वाक्यरचना अशा एकेका स्तराचे ज्ञान असलेले स्वतंत्र घटक तिच्यात होते. ते एकमेकांशी थेट बोलत नसत. आपला अंदाज एका सामाईक फळ्यावर मांडत आणि दुसऱ्याने मांडलेला अंदाज पाहून पुढचे पाऊल टाकत. या रचनेला ‘ब्लॅकबोर्ड’ हेच नाव पडले. दुसरा प्रयत्न रीड स्मिथ यांचा. त्यांनी १९८० मध्ये ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ ही पद्धत मांडली. तिच्यात एक घटक कामाची घोषणा करतो, इतर घटक आपापल्या कुवतीनुसार बोली लावतात आणि योग्य बोलीला काम मिळते. निविदा काढण्याची रीत ज्यांना परिचित आहे त्यांना ती लगेच उमगेल. एक सामाईक फळा, किंवा काम वाटणारा एक व्यवस्थापक : आजच्या बहुतेक एजंट-प्रणाली या दोन कल्पनांपैकी एकीवर, अथवा दोन्हींच्या मिश्रणावर उभ्या आहेत.

वेबच्या क्षेत्रात विशेषज्ञता हळूहळू आली. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा एक पान एकच माणूस सहज लिहू शकत असे. पुढे १९९५ मध्ये पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट भाषा आणि १९९६ मध्ये पानाचे रूप ठरवणारे सीएसएस आले. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवण्याच्या तंत्राला २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले, आणि २०१३ मध्ये पानाचे भाग रचण्याचे साधन रिअ‍ॅक्ट खुले झाल्यावर फ्रंटएंड हा स्वतंत्र व्यवसायच बनला. फ्रंटएंड आणि बॅकएंड यांच्यामधला सांधा म्हणजे एपीआय, एकाने दुसऱ्याकडे काय मागायचे आणि काय मिळेल याचा करार. तो लिखित स्वरूपात, यंत्रालाही वाचता येईल असा नोंदवण्याची गरज वाढत गेली. २०११ मधील स्वॅगर आणि त्यातूनच पुढे आलेले ओपनएपीआय ही एपीआयच्या वर्णनाची स्वरूपे म्हणजे त्या गरजेचे फळ.

भाषा-प्रारूपांवर (मजकूर आणि कोड लिहिणाऱ्या एआयवर) चालणारे कोडिंग सहायक या घडणीत नंतर आले. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये पूर्वपरीक्षणासाठी उपलब्ध झाला. तो पुढची ओळ सुचवत असे, स्वतः काम हाती घेत नसे. २०२३ मध्ये चित्र पालटले. त्या वर्षी त्सिंगहुआ विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ‘चॅटडेव्ह’ मांडले. त्यात मुख्याधिकारी, प्रोग्रामर, परीक्षक अशा भूमिका घेतलेले एजंट आपसांत बोलून एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी साकारतात. पाठोपाठ आलेल्या ‘मेटाजीपीटी’ने गप्पांऐवजी ठरावीक स्वरूपाच्या दस्तऐवजांवर भर दिला : गरजांची यादी, आराखडा, इंटरफेसचे वर्णन. हे दस्तऐवज संदेशांच्या एका सामाईक साठ्यात पडतात आणि प्रत्येक एजंट आपल्या भूमिकेला लागणारे तेवढेच उचलतो. हिअरसेचा फळा जवळजवळ अर्ध्या शतकाने परत आला होता.

भूमिका वाटून दिल्या की कौशल्य आपोआप येते, असा समज तेव्हा सहज होऊ शकला असता. त्याला मोजमापाने आवर घातला. ऑक्टोबर २०२३ मधील ‘एसडब्ल्यूई-बेंच’ या चाचणीत पायथॉनच्या १२ खुल्या प्रकल्पांतील २,२९४ प्रत्यक्ष समस्या घेतल्या होत्या, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा जँगो या वेब फ्रेमवर्कचा होता. त्या वेळचे सर्वोत्तम प्रारूप त्यांपैकी १.९६ टक्केच सोडवू शकले. पुढच्या दीड-दोन वर्षांत हा आकडा झपाट्याने वाढला, तो प्रामुख्याने प्रारूपे सुधारल्यामुळे आणि एकट्या एजंटाला फाइली शोधण्याची, कोड चालवण्याची आणि चूक पाहून दुरुस्त करण्याची साधने मिळाल्यामुळे. एजंटांची संख्या वाढवणे हे त्याचे मुख्य कारण नव्हते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अनेक एजंट असावेत की एकच, हा मतभेद उघडपणे समोर आला तो जून २०२५ मध्ये. कोडिंगचा एआय एजंट बनवणाऱ्या कॉग्निशन या कंपनीने अनेक एजंटांना समांतर कामाला लावण्याविरुद्ध भूमिका मांडली. प्रत्येक कृतीत न सांगितलेले निर्णय दडलेले असतात आणि पूर्ण संदर्भ ठाऊक नसलेले दोन एजंट परस्परविरोधी निर्णय घेतात, हा तिचा युक्तिवाद. त्याच सुमारास अँथ्रॉपिक या एआय कंपनीने संशोधनासाठीच्या आपल्या बहु-एजंट प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. एक मुख्य एजंट आणि त्याच्या हाताखाली शोध घेणारे अनेक, अशी ती रचना एकट्या एजंटापेक्षा सरस ठरली होती. मात्र तिला साध्या संभाषणाच्या सुमारे १५ पट टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर खर्च मोजला जातो) लागत होते, आणि कोडिंगच्या कामांत खरोखर समांतर करता येण्यासारखा भाग कमी असतो, हेही तिथे मान्य केले होते. दोन्ही बाजू वरवर विरोधी दिसल्या तरी माहिती गोळा करणारे एजंट एकमेकांच्या कामावर अवलंबून नसतात आणि कोड लिहिणारे असतात, या एका भेदाने त्यांचा बराचसा वाद मिटतो.

वेबच्या कामात हा भेद लगेच जाणवतो. समजा, फ्रंटएंडच्या एजंटाने नोंदणीचा अर्ज ‘फोन’ या नावाने क्रमांक पाठवेल असा लिहिला आणि बॅकएंडच्या एजंटाने तोच क्रमांक ‘मोबाइल’ या नावाने वाचला. दोघांनीही आपापल्या गृहीतकावर चाचण्या लिहिल्या असल्याने त्या सर्व पार पडतात. कोडमधील बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनाची वर्कट्री ही २०१५ पासूनची सोय वापरून दोघांना स्वतंत्र फोल्डर देता येतात, त्यामुळे फाइलींची ओढाताण टळते; पण दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना गिट ओळींची तुलना करते, अर्थाची नव्हे, आणि दोन वेगळ्या फाइलींतली ही विसंगती तिला दिसत नाही. ती दिसते ब्राउझरमध्ये, वापरकर्त्याने बटण दाबल्यावर.

म्हणून अलीकडच्या व्यवहारात क्रम उलटला आहे. आधी एपीआयचे वर्णन आणि डेटाचे प्रकार एकाच एजंटाकडून किंवा माणसाकडून लिहून घेतले जातात, ते सामाईक फाइलीत ठेवले जातात, आणि त्यानंतरच काम वाटले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमसीपी या प्रोटोकॉलमुळे एजंटांना बाहेरची साधने एकाच रीतीने जोडता येऊ लागली, आणि प्लेराइटसारख्या साधनाद्वारे चाचणीचा एजंट आता स्वतः ब्राउझर उघडून तो अर्ज भरून पाहतो. क्रमांक चुकीच्या नावाने गेला तर ते त्याला तिथेच कळते. मात्र त्या दोन नावांपैकी कोणते बरोबर, हे त्या सामाईक फाइलीत कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असावे लागते.