डीटीएच छत्रीचा सिग्नल जाणे

घरगुती उपग्रह दूरचित्रवाणीच्या संचावर चित्र न येणे, अडकत येणे किंवा मोजक्याच काही वाहिन्या गायब होणे, आणि त्यामागचे कारण टप्प्याटप्प्याने शोधणे, असा या नोंदीचा विषय आहे. भारतात खासगी डीटीएच (डायरेक्ट-टू-होम, म्हणजे उपग्रहावरून थेट घरी) सेवा २००३ साली डिश टीव्हीने सुरू केली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस आली. मासिक शुल्क न घेणारी आजची डीडी फ्री डिश ती हीच. मराठीत सिग्नल पकडणाऱ्या छपरावरच्या बशीला सर्रास ‘छत्री’ म्हणतात. नेमकी पावसात दगा देणारी ही एकमेव छत्री असावी.

सिग्नल गेला की घरातला कोणीतरी आधी गच्चीवर जातो आणि छत्री फिरवून पाहतो. ही सवय जुन्या ॲन्टेनाची. वरून ‘आलं का?’ आणि खालून ‘अजून थोडं डावीकडे’ असा संवाद तेव्हा उपयोगी पडायचा, कारण पडद्यावरच्या मुंग्या हळूहळू कमी होताना दिसत. डिजिटल प्रक्षेपणात मुंग्या नसतात. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र स्वच्छ राहते, मग चौकोन पडू लागतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. हा सगळा उतार फार थोड्या फरकात संपतो. शिवाय जुळलेला सिग्नल पकडून चित्र उभे करायला टीव्हीला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सला काही सेकंद लागतात. छत्री सलग फिरवणारा माणूस योग्य जागेवरून केव्हाच पुढे गेलेला असतो. म्हणून छत्रीला हात लावणे हा शोधातला शेवटचा टप्पा मानावा.

सिग्नलची वाट

उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, त्यामुळे तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो. तिथून येणारी क्षीण लहर सुमारे ६० सेंटिमीटरची छत्री गोळा करते आणि दांड्याच्या टोकावरच्या एलएनबीत (लो-नॉइज ब्लॉक, सिग्नल घेणारी डबी) एकवटते. एलएनबी ती लाखपटीहून अधिक वाढवतो, तिची वारंवारता सुमारे ११ गिगाहर्ट्झवरून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो आणि केबलने खाली पाठवतो.

एलएनबीला लागणारी वीज बॉक्सकडूनच, त्याच केबलने वर जाते. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाच्या (लहरीचे कंपन उभ्या दिशेत असलेल्या) वाहिन्या उचलतो, १८ दिले की आडव्या. त्याच तारेवर २२ किलोहर्ट्झचा सूर सोडला की एलएनबी उपग्रहाच्या वारंवारता-पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागावर जातो. थोडक्यात, एकाच तारेतून चित्र खाली येते आणि वीज व हुकूम वर जातात. हे ध्यानात ठेवले की एरवी चमत्कारिक वाटणारे बरेच बिघाड उलगडतात.

पडदा काय सांगतो

प्रत्येक बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलची दोन मोजमापे दिसतात, ताकद आणि दर्जा. बहुतेक ठिकाणी ती ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशीच लिहिलेली असतात. ताकद म्हणजे केबलमधून एकूण किती ऊर्जा येते आहे. तिच्यात गोंगाटही धरलेला असतो. दर्जा म्हणजे त्या ऊर्जेतून बॉक्सला हवा तो सिग्नल किती चुकांशिवाय वाचता येतो. चित्र दर्जावर चालते.

दोन्ही शून्य असतील तर वीज वर जात नाही, केबल तुटली आहे किंवा एलएनबी गेला आहे. ताकद भरपूर आणि दर्जा शून्य असेल तर एलएनबी जिवंत आहे, पण छत्री भलतीकडे पाहते आहे किंवा ट्यूनिंग चुकले आहे. दोन्ही आकडे बरे असूनही एखाद-दुसरीच वाहिनी दिसत नसेल तर गच्चीवर जायचे कारण नाही. आधी पॅक आणि रिचार्ज पाहावा. ‘वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही’ असा संदेश पाहूनही लोक केबल उपटतात, हे तंत्रज्ञ नेहमी सांगतात.

वाहिन्यांचा एक ठरावीक गट गेला असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच घरी ‘अर्ध्या वाहिन्या दिसतात’ अशी तक्रार असते. त्यामागे बहुधा आडवे ध्रुवीकरण असते. बॉक्स १८ व्होल्ट देतो, पण लांब केबल आणि गंजलेले सांधे यांत व्होल्टेज झिजते. वर साडेपंधराच्या खाली पोचले की एलएनबीला तो १३ चाच हुकूम वाटतो. स्वस्त केबलमधली मधली तार पोलादी असून तिच्यावर तांब्याचा फक्त मुलामा असतो. उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो, म्हणून त्याला मुलामा पुरतो. एलएनबीकडे जाणाऱ्या विजेला मात्र आतले पोलाद अडवते.

केबल आणि कनेक्टर

सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतो, आणि पाहायला सोपीही हीच जागा आहे. घरात वापरतात ती ७५ ओहमची आरजी-६ केबल आणि तिच्या टोकाचा पेचाचा एफ कनेक्टर. बॉक्स बंद करून, प्लग काढून, एलएनबीजवळचा कनेक्टर उघडावा. चांगल्या कनेक्टरात मधली तार लख्ख तांबूस दिसते आणि कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर डोकावते. बिघडलेल्यात ती काळी पडलेली असते, पेचात हिरवट-पांढरी भुकटी असते, कधी उलटा केल्यावर पाण्याचा थेंब ओघळतो. मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होते आणि बॉक्स एलएनबीचा पुरवठा तोडतो. उपाय म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटर केबल कापून ताज्या टोकावर नवा कनेक्टर बसवणे. जुनाच पुसून बसवला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा शिडी लावावी लागते.

पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरात शिरू नये म्हणून सांध्याच्या आधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीच गळतात. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे कनेक्टर आणि छत्रीचे बोल्ट देशावरच्यापेक्षा फार लवकर खराब होतात. एलएनबीच्या तोंडावरचे प्लास्टिकचे झाकणही पाहावे. उन्हाने ते ठिसूळ होते, तडकते आणि पाणी आत जाते. असा एलएनबी दुपारी चालतो आणि सकाळी दवाने बंद पडतो.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायला बसवलेला स्प्लिटर हेही नेहमीचे दुखणे. त्याच्या बऱ्याच प्रकारांत वीज एकाच बाजूने वर जाते. त्या बाजूचा बॉक्स बंद केला की दुसरा टीव्हीही जातो. दोन बॉक्स वेगवेगळे हुकूम देऊ लागले तर एलएनबी एकाचेच ऐकणार. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबीच लागतो.

पाऊस

घरगुती डीटीएच केयू नावाच्या वारंवारता-पट्ट्यात चालते. त्यातली लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. पावसाचे टपोरे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. शिवाय पाऊस स्वतः सूक्ष्मलहरींचा गोंगाट करतो, म्हणजे नुकसान दुहेरी. नुसत्या ढगाने किंवा धुक्याने सहसा काही बिघडत नाही.

पाऊस घरावर पडायला हवा असेही नाही. महाराष्ट्रातून उपग्रहाची रेषा साधारण आग्नेयेकडे ४५ ते ६६ अंशांनी वर चढते. पाऊस जिथून सुरू होतो ती पाच-एक किलोमीटरची उंची धरली तर ही रेषा दोन ते पाच किलोमीटर पलीकडच्या पावसातून जाते. वळवाचा ढग आग्नेयेकडून चढला तर अंगणात थेंब पडण्याआधी टीव्ही जातो. पश्चिमेकडून आला तर घर आधी भिजते. सेवेच्या प्रक्षेपण केंद्रावर पाऊस असला तरी फरक पडू शकतो, मात्र तिथे शक्ती वाढवून तो बराचसा भरून काढतात.

मुसळधार सर ओसरल्यावर काही मिनिटांत चित्र परत आले तर तो बिघाड नव्हे. रिमझिमीतही जात असेल तर छत्री आधीपासूनच थोडी हललेली असते. कोरड्या दिवशी तेवढा सिग्नल पुरतो, म्हणून लक्षात येत नाही. यासाठी स्वच्छ आकाशाच्या दिवशी दर्जाचा आकडा कुठेतरी लिहून ठेवावा. तुलनेला काही नसेल तर ६० हा आकडा चांगला की वाईट, हे ठरवता येत नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या बॉक्सचे मोजमाप वेगळे असते.

दिशा

टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत, डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ ९३.५ वर, एअरटेलची सेवा १०८.२ अंशांवरून येते. पुण्याहून पाहता पहिला उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १५३ अंशांवर आणि क्षितिजापासून ६६ अंश उंच, दुसरा १३२ वर आणि ५९ उंच, तिसरा ११५ वर आणि ४५ उंच दिसतो. नागपूरहून जीसॅट-१५ बराच दक्षिणेकडे, १४४ अंशांवर सरकतो. एखाद्या चाळीच्या गॅलरीत हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो: एका कंपनीच्या छत्र्या पूर्वेकडे तोंड करून जवळपास उभ्या, दुसऱ्या कंपनीच्या दक्षिणेकडे वळून मागे रेललेल्या. हे सगळे उपग्रह महाराष्ट्राच्या पूर्वेला आहेत, त्यामुळे मुंबईत फक्त पश्चिमेला समुद्राकडे उघडणाऱ्या घराला खिडकीबाहेर छत्री लावून काहीच मिळत नाही.

छत्रीकडे पाहून तिची उंची ओळखता येत नाही. एलएनबी मध्यभागी नसून खाली झुकलेला असतो, म्हणून छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. छत्री धरणाऱ्या कंसावरचे अंशांचे खुणाफलक हा फरक धरूनच छापलेले असतात. होकायंत्राच्या बाबतीत महाराष्ट्र सुदैवी आहे, कारण इथे चुंबकीय आणि खरी उत्तर जवळजवळ एकच. मात्र मोबाइल पत्र्याजवळ किंवा लोखंडी कठड्याजवळ धरला तर काटा भरकटतो.

६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम तीन अंश रुंद असतो. एक अंश म्हणजे छत्रीच्या काठावर सुमारे पाच मिलिमीटर. माकडाची एक उडी किंवा वाळत घातलेल्या गोधडीचा ताण तेवढा फरक सहज करतो. जुळवायचेच असेल तर आधीच्या जागेची खूण पेन्सिलीने करावी, बोल्ट अर्धवट सैल करावेत, काठ पाच मिलिमीटर सरकवावा, पाच-दहा सेकंद थांबावे आणि आकडा पाहावा. आधी आडवी दिशा, मग उंची. दोन्ही जुळल्यावर एलएनबी स्वतःभोवती थोडा फिरवून दर्जा सर्वांत जास्त कुठे येतो ते पाहतात. हे बऱ्याचदा राहून जाते. पुण्याहून ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी भूमितीने निघणारा हा कल जवळजवळ ४५ अंश आहे. एलएनबी सरळच ठेवला तर उभे आणि आडवे ध्रुवीकरण एकमेकांत मिसळतात. शेवटी बोल्ट आवळतानाच छत्री पुन्हा हलते, म्हणून थोडे-थोडे आळीपाळीने आवळावेत.

झाड आणि सूर्य

छत्री बसवली तेव्हा मोकळे असलेले आकाश पाच वर्षांनी मोकळे असतेच असे नाही. नारळाची झावळी, आंब्याचा नवा शेंडा, शेजारची पाण्याची टाकी, काहीही आडवे येते. ओली पाने सुक्या पानांपेक्षा जास्त अडवतात, त्यामुळे झाडाचा दोष पावसावर जातो.

ही आड तपासायला वर्षातून दोनदा सूर्य मदत करतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो काही मिनिटे उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. पुण्यात जीसॅट-१५ साठी ही वेळ सकाळी अकराच्या आसपास असते. सूर्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो आणि काही दिवस ठरावीक वेळी चित्र जाऊन परत येते. तक्रार नोंदवायची गरज नसते. त्याच मिनिटांत छत्रीवर लख्ख ऊन असेल तर वाट मोकळी आहे, आणि सावली पडली असेल तर आड येणारी फांदी कोणती ते सावलीच दाखवते.

घराबाहेरची कारणे

फ्री डिशवर वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि त्या बदलत राहतात. बदलानंतर पुन्हा स्कॅन केल्याशिवाय नवी यादी येत नाही. त्यावरच्या एमपेग-४ या नव्या चित्र-संकोचन पद्धतीच्या वाहिन्या जुन्या एमपेग-२ बॉक्सवर कधीच उमटत नाहीत, छत्री कितीही फिरवा. क्वचित दोष उपग्रहातच असतो: जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्याचे निम्मे ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत पाठवणारे संच) बंद करावे लागले. अशा वेळी शेजारच्या त्याच कंपनीच्या घरीही चित्र नसते. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ फोनवर पहिला प्रश्न शेजारी चित्र येते का, हाच विचारतो.

मोठ्या जाळीदार छत्र्या वापरणाऱ्या, कमी वारंवारतेच्या सी पट्ट्याला पावसाचा त्रास फार कमी, कारण तिथली लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. त्यांची अडचण वेगळी आहे. २०२२ मध्ये ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ हा त्याला लागूनचा पट्टा मोबाइलच्या ५-जीसाठी लिलावात गेला, आणि जुने रुंद पट्ट्याचे एलएनबी जवळच्या टॉवरच्या लहरींनी भरून जाऊ लागले. अशा ठिकाणी एलएनबीच्या तोंडाशी नको त्या लहरी अडवणारी गाळणी बसवतात.