प्लॅनरच्या सेटिंगची वही

आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी

आपलं बिलिंग आणि स्टॉक पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं. आपण रिपोर्टचं बटण दाबलं की माहिती कशी शोधायची हे त्यातला प्लॅनर ठरवतो: अख्खं टेबल वाचायचं, की इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) धरून नेमक्या ओळी गाठायच्या. प्रत्येक मार्गाचा खर्च मांडून तो सगळ्यात स्वस्त मार्ग घेतो. खर्चाचे दर सेटिंगमध्ये असतात आणि ते आम्हाला बदलता येतात. बदललेला प्रत्येक दर आम्ही एका वहीत लिहितो. ती वही आपल्या पेढीवरच राहते.

याचं कारण सियागंजात सापडलं. एका किराणा व्यापाऱ्यांकडे साधं बिल उघडायला वेळ लागायचा. पूर्वी कोणीतरी एक रिपोर्ट सुधारायला ‘नेस्टेड लूप’ (एका टेबलातल्या एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात जुळणाऱ्या ओळी शोधायची पद्धत) साऱ्या डेटाबेससाठी बंद केलं होतं. त्यामुळे बिलातल्या चार-पाच ओळींसाठी मालाची पूर्ण यादी वाचली जात होती. का बंद केलं, कोणत्या रिपोर्टसाठी, कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते परत सुरू करायला आम्हालाही धास्ती वाटली, कारण तो जुना रिपोर्ट कोणता हेच ठाऊक नव्हतं.

म्हणून वहीत फक्त आकडा लिहून भागत नाही. उदाहरणार्थ: ‘रँडम पेज कॉस्ट, मूळ 4, आता 1.1. डेटा एसएसडीवर हलवला, तिथे विखुरलेली पानं वाचणं जवळजवळ सलग वाचण्याइतकंच स्वस्त. पार्टीवार उधारीचा रिपोर्ट आधी आणि नंतर तपासला.’ सोबत तारीख, सही आणि त्या रिपोर्टच्या एक्सप्लेनची (प्लॅनरने कोणता मार्ग घेतला ते दाखवणाऱ्या आदेशाची) प्रत. पोस्टग्रेसच्या आवृत्ती 12 पासून एक्सप्लेनला ‘सेटिंग्ज’ जोडलं की प्लॅनरची बदललेली सेटिंग त्यातच छापून येतात.

बदल कुठे केला तेही लिहितो: कॉन्फिग फाइलमध्ये, एका डेटाबेसपुरता की एका युजरपुरता. ‘ऑल्टर सिस्टिम’ या आदेशाने केलेला बदल ज्या फाइलमध्ये जातो, ती पोस्टग्रेस स्वतः पुन्हा लिहितो, त्यामुळे तिथे शेरा टिकत नाही.

‘इफेक्टिव्ह कॅश साइझ’ या सेटिंगबद्दल बरेच जण विचारतात. ती वाढवल्याने मेमरी अडकत नाही. कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत आधीच आणून ठेवलेला, किती डेटा सापडेल याचा तो प्लॅनरला दिलेला अंदाज आहे.

सर्व्हर बदलणार असाल तर आधी कळवा. पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने घेतलेल्या बॅकअपमध्ये कॉन्फिग फाइल येत नाही, नव्या मशीनवर दर पुन्हा मूळचेच लागतात. काम दुसऱ्या कोणाकडे सोपवलंत तरी वही त्यांना जरूर द्या, ती आपलीच आहे.